झाडणाऱ्या यंत्राची वंशावळ

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची रूढी ज्या घरांतून अद्याप टिकून आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया ती केरसुणी विकत घेताना काय काय पाहत असत, हे ज्याने लहानपणी त्यांच्या पदराला धरून बाजारात पाहिले असेल, त्याला एवढे खचित आठवत असेल की ती निवड सर्वस्वी हाताने होत असे. शिंदीच्या पानांची बांधणी घट्ट आहे की ढिली, हे मूठ आवळताच कळे. जमिनीवर एकदा आपटली म्हणजे किती पाती गळतात ते डोळ्यांना दिसे. आणि ती बांधणारी बाई पुढ्यातच बसलेली असल्यामुळे मालाविषयी काही शंका असली तर तिचा निवाडा जागच्या जागी होई. घरात केरसुणी, अंगणात खराटा, कोकणात तो खराटा माडाच्या हिरांचा, यापलीकडे त्या व्यवहारात प्रकारभेद नव्हता.

गेल्या श्रावणात मी एका विजेच्या उपकरणांच्या दुकानात आपोआप झाडणारे यंत्र घेण्यासाठी उभा राहिलो, तेव्हा त्या जुन्या परीक्षेचा मला काडीइतकाही उपयोग झाला नाही. फळीवर पाच यंत्रे ओळीने मांडलेली होती. पाचही वाटोळी, पाचांचाही व्यास दीड वीत, उंची जेमतेम पाच बोटे. नावही एकच, फक्त एकापुढे नुसता आकडा, दुसऱ्यापुढे आकडा आणि अक्षर, तिसऱ्यापुढे ‘प्रो’, चौथ्यापुढे ‘मॅक्स’, पाचव्यापुढे अधिकाचे चिन्ह. आणि पहिल्याच्या किमतीत व पाचव्याच्या किमतीत अडीच पटींचे अंतर. फरक विचारला तेव्हा विक्रेता तरुण म्हणाला, “काका, हे त्याच्या वरचं मॉडेल आहे.” कोणत्या अर्थाने वरचे, असे विचारल्यावर त्याने पेटीवर छापलेल्या एका मोठ्या आकड्यावर बोट ठेवले आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी रिकाम्या हाताने परतलो. वतनाचा तंटा पडला म्हणजे पूर्वी महजर, म्हणजे निवाड्याची गोतसभा, भरवून वंशावळ तपाशीत असत. या पाच भावंडांचा निवाडाही त्यांचे कूळ तपासल्यावाचून होणार नाही, असे मला वाटू लागले.

कुळाचा मूळ पुरुष म्हणावा असा गृहस्थ लंडनचा अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ. १९०१ साली, धूळ फुंकून उडवणारे एक यंत्र पाहून आल्यावर, फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये असा उलटा विचार त्याला सुचला, आणि त्याने एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर हातरुमाल अंथरून त्यातून तोंडाने श्वास ओढून पाहिला. रुमालाच्या खालच्या अंगास उमटलेला काळा डाग हा त्याच्या सिद्धान्ताचा पहिला पुरावा होय. त्याचे यंत्र घोड्याच्या गाडीवर बसवलेले, पेट्रोलच्या इंजिनावर चालणारे आणि इतके अवजड होते की ते रस्त्यातच उभे करून लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत सोडाव्या लागत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे या यंत्राने झाडले गेले. यंत्राच्या जन्मपत्रिकेतला मुख्य ग्रह गालिचा आहे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

बूथचा रथ माजघरात आला तो अमेरिकेत. ओहायोतील कँटन गावच्या एका दुकानात झाडलोटीची नोकरी करणारा, दम्याने हैराण झालेला जेम्स मरे स्पँग्लर याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून एक हातयंत्र जुळवले व १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. ते विकत घेतले चामड्याचा धंदा करणाऱ्या विल्यम हूवरने, ज्याला मोटारगाड्यांच्या आगमनाबरोबर घोड्याच्या सामानाचे दिवस भरत आल्याचे दिसू लागले होते. दहा दिवस घरी वापरून पाहा आणि मग पैसे द्या, अशी जाहिरात त्याने दिली. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाताला पारखण्याचा हक्क त्या काळी तरी शाबूत होता. आपल्याकडे हाच प्रघात फार उशिरा, पण मोठ्या थाटाने आला : १९८२ साली फोर्ब्स कंपनीने स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सशी भागीदारी करून युरेका फोर्ब्स स्थापन केल्यानंतर, मुंबई-पुण्याच्या ब्लॉकांतून टाय बांधलेला तरुण दार ठोठावी, आपली गादी आपल्याच देखत झाडी, आणि तिच्यातून निघालेली भुकटी पुढ्यात मांडून यजमानिणीस लज्जित करी. त्या लज्जेवर कित्येक यंत्रे खपली व माळ्यावर गेली.

एकाच वस्तूच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी विकण्याची युक्ती मात्र झाडणाऱ्यांची नव्हे, ती मोटारवाल्यांची. फोर्ड एकच गाडी वर्षानुवर्षे काढीत असता, जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने १९२०-३० च्या दशकात शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत किमतीची एक शिडी उभी केली आणि दरवर्षी गाड्यांचे रूप पालटण्याचा परिपाठ घालून दिला. पायरीवर उभा असलेल्या माणसाची दृष्टी वरच्या पायरीवर राहावी, हे त्या रचनेचे रहस्य. विक्रेता तरुण ‘वरचं मॉडेल’ म्हणाला तेव्हा तो नकळत स्लोनचीच भाषा बोलत होता.

माणसाच्या हाताशिवाय चालणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली. इलेक्ट्रोलक्सने १९९६ मध्ये नमुना दाखवून २००१ साली बाजारात आणलेला ‘ट्रायलोबाइट’ वटवाघळासारखा ध्वनिलहरींनी वाट शोधी, पण तो सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातला नव्हता. डायसनचे त्याच काळातले यंत्र पन्नासांहून अधिक संवेदकांच्या ओझ्याखाली इतके महाग ठरले की ते विक्रीस आलेच नाही. ही दोन्ही यंत्रे बुद्धिमान करण्याच्या हव्यासाने थोर घरी जन्मली आणि तिथेच अडकली. जे यशस्वी झाले ते जवळजवळ निर्बुद्ध होते, आणि त्याचे ते निर्बुद्धपण मोठ्या बुद्धीने योजलेले होते.

मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत रॉडनी ब्रुक्स नावाचे प्राध्यापक असे प्रतिपादन करीत की, मुंगीच्या डोक्यात जगाचा नकाशा नसतो, तरी मुंगी आपला संसार चालवते. मग यंत्राला तरी नकाशा कशाला हवा? काही साध्या सवयी एकीवर एक रचल्या की पुरे. ब्रुक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर यांनी १९९० मध्ये आयरोबॉट ही कंपनी काढली, आणि २००२ च्या सप्टेंबरात सुमारे दोनशे डॉलरांना ‘रुम्बा’ विक्रीस आणला. त्याचे वर्तन न्याहाळण्यासारखे होते. खोलीत सोडताच तो प्रथम जागच्या जागी घेर वाढवीत फिरे; मग सरळ चाले; पुढचा पट्टा टेबलाच्या पायास लागला की मागे सरून वाटेल त्या कोनात वळे; काही काळ भिंतीचा आश्रय धरी; आणि पोटाखालचे किरण जिन्याच्या कडेवरून परत आले नाहीत की थबके. कोठून आलो आणि कोठे जायचे, यातले त्याला काहीही ठाऊक नसे. तरीही एकच ठिकाण तीनतीनदा तुडवून त्याची खोली बहुतांशी स्वच्छ होई. आंधळा भिकारी गावभर फिरून पोट भरतो, त्यातलाच हा न्याय.

आणि अशा यंत्राच्याही आवृत्त्या निघाल्या! पुरते वर्ष-दोन वर्षे लोटली नाहीत तोच ‘प्रो’ आले, ‘प्रो एलिट’ आले, मग २००४ च्या पिढीत ‘रेड’ आले आणि ‘डिस्कव्हरी’ आले. एकेका पिढीत गाभा तोच, भेद सोबतच्या सामानाचा, म्हणजे कोणाबरोबर आपोआप परतून वीज घेण्याचे ठाणे मिळते आणि कोणाबरोबर नाही, इतपतच.

खरा भेद निराळ्या दिशेने आला. २०१० मध्ये नीटो कंपनीने माथ्यावर फिरता लेझर बसवलेले यंत्र काढले, जे भिंतींचे अंतर मोजून घराचा आराखडा प्रथम तयार करी आणि मग ओळीने झाडी. २०१५ मध्ये रुम्बा ९८० ने छताकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याने तेच काम आरंभले, आणि २०१६ मध्ये चीनच्या रोबोरॉकने शाओमीसाठी बनवलेल्या यंत्राने लेझरची मोजणी मध्यमवर्गाच्या खिशात आणून ठेवली. शिवरायांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांच्या जमीन-बंदोबस्तात नजरपाहणी जाऊन पाच हात पाच मुठींची मोजणीकाठी आली, तेव्हा महसुलाच्या व्यवहारात जे स्थित्यंतर झाले, तेच येथे झाले असे म्हणावयास हरकत नाही : अदमास गेला, पैमाईश आली. म्हणून माझ्या मते या यंत्रांच्या कुळी तीनच, आंधळी, छत पाहणारी आणि मोजणारी. बाकीचा सगळा भाऊबंदकीचा पसारा.

त्या पसाऱ्याचे दोन-चार दाखले देतो. रोबोरॉकचे एस५० आणि एस५५ ही दोन नावे वाचून पाच अंकांची सुधारणा झाली असावी असे कोणाही भल्या माणसास वाटेल. फरक एवढाच की एक पांढरे आहे आणि दुसरे काळे. रुम्बाच्या आय७ पुढे अधिकाचे चिन्ह आले की यंत्र तेच, सोबत केर शोषून पिशवीत साठवणारा खांब येतो. ९६० आणि ९८० या जोडीत डोळा एकच. ९८० ची विद्युतघटमाला अधिक वेळ टिकते, आणि गालिच्यावर चढले की त्याची ओढ आपोआप वाढते.

येथे बूथच्या गालिच्याची आठवण करावी. आपल्याकडे बिछायती, कनाती, गालिचे यांसाठी पेशव्यांनी फरासखाना नावाचे स्वतंत्र खाते ठेवले होते, ज्याचे नाव पुण्यात आज एका पोलीस ठाण्याच्या रूपाने उरले आहे. प्रजेच्या घरी सारवलेली भुई होती, पुढे शहाबादी आली, मग गुळगुळीत लाद्या. ज्या घरात जन्मात गालिचा अंथरला गेला नाही, त्या घराने गालिच्यावरच्या वाढीव ओढीसाठी हजारो रुपये मोजणे म्हणजे घोडा नसता नाल विकत घेणे होय. आपल्या लादीला झाडण्याइतकेच पुसणे लागते. तेव्हा ओले फडके नुसते फरपटत नेणारे यंत्र आणि ते दाबून घासणारे यंत्र यांतला भेद मात्र आपल्या कामाचा.

पेटीवरच्या मोठ्या आकड्याविषयीही लिहिले पाहिजे. तो पास्कल या दाबाच्या मापाचा आकडा. रोबोरॉकच्या २०१७ च्या एस५ वर तो दोन हजार होता, २०२३ च्या एस८ वर सहा हजार झाला, आणि त्यानंतर त्याची चढण थांबलेली नाही. वातावरणाचा दाब एक लाख एक हजार पास्कलांच्या घरात असतो, म्हणजे दोन हजार ही त्याची दोन टक्क्यांची तूट. शिवाय तोंड बंद असता किती ताण पडतो एवढेच हा आकडा सांगतो. तोंड उघडे असता किती हवा वाहते आणि ब्रश केराला किती उचलतो, हे त्यात नाही. शर्यतीच्या बैलाचे वजन सांगून त्याची धाव विकावी, तसा हा प्रकार आहे.

आवृत्त्यांच्या या जंगलात त्यांचे जनकही सुरक्षित राहिले नाहीत. नीटो २०२३ मध्ये बंद पडली. आयरोबॉट विकत घेण्याचा ॲमेझॉनचा मुळात १.७ अब्ज डॉलरांचा करार जानेवारी २०२४ मध्ये मोडला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून ती कंपनी, तिची यंत्रे मजुरीने बनवून देणाऱ्या चिनी कारखानदाराच्या हवाली होण्यास निघाली. अर्थात आवृत्ती नवी की जुनी यापेक्षा तिचे ब्रश, गाळण्या आणि घटमाला आणखी पाच वर्षांनी मिळतील की नाही, हा प्रश्न दुकानदारास आधी विचारलेला बरा.

मी दुसऱ्या खेपेस गेलो तो लेझरचे, गालिच्याच्या हिशेबात न पडणारे, पाचांतले दुसरे यंत्र घेऊन आलो. पहिल्याच दिवशी त्याने दारापाशीची रांगोळी फस्त केली, आणि देवघराच्या उंबरठ्याशी येऊन ते दहा मिनिटे धडका देत राहिले. अशी बहुतेक यंत्रे सुमारे दोन सेंटिमीटरच चढतात. म्हणून वाचकांस एवढीच विनंती की, दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक उंबरठ्याची उंची पट्टीने मोजून कागदावर लिहून न्यावी. ती तीन सेंटिमीटर भरली, तर फळीवरची ती पाचही यंत्रे तुमच्या घरापुरती सारखीच आहेत.