वाग्मी

वाग्मी : (सं. वाग्मिन्; स्त्री. वाग्मिनी, भाववाचक नाम वाग्मिता). नेमके, युक्तीचे आणि ऐकणाऱ्याच्या मनाला भिडेल असे बोलणारा वक्ता.

व्युत्पत्ती : ‘वाच्’ म्हणजे वाणी, तिला ‘ग्मिन्’ प्रत्यय लागून हा शब्द होतो (पाणिनीची अष्टाध्यायी ५.२.१२४). संधीने ‘वाग्ग्मी’ असे दोन ‘ग’ येतात; रूढ लेखनात एकच उरला. लगेच पुढच्या सूत्रात पाणिनीने त्याच ‘वाच्’पासून ‘वाचाल’ आणि ‘वाचाट’ ही फार बोलणाऱ्या माणसाची नावे साधली. ती निंदेचीच, असे पाणिनीच्या सूत्रांवर पूरक टिपणे लिहिणाऱ्या वार्तिककाराने बजावले. अष्टाध्यायीवरील काशिकावृत्ती या टीकेच्या मते पुष्कळ पण चांगले बोलणारा वाग्मीच ठरतो. म्हणजे फरक बोलण्याच्या लांबीचा नाही, गुणाचा आहे. अमरकोशातही वाग्मी हा वाचोयुक्तिपटू (बोलण्याच्या युक्तीत निपुण), तर वाचाल जल्पाकाच्या (बडबड्याच्या) पंक्तीत बसतो.

मराठीतील रूढी : ‘वाचाळ’ हा दोष मराठीने बोलीत मुरवला, ‘वाग्मी’ मात्र गौरवासाठी राखला. ‘फर्डा वक्ता’ म्हटले की ओघ दिसतो. ‘वाग्मी’ म्हटले की ओघाबरोबर विवेकही अभिप्रेत असतो.

वाशीमचा संबंध : नेमक्या, गोड बोलण्याशी विदर्भातील वाशीमचे जुने नाते आहे. वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य त्याचे. वैदर्भी रीतीला (काव्यशैलीला) प्राकृतात ‘वच्छोमी’ म्हणत. हे नाव वत्सगुल्मावरून पडले. लांबलचक समास टाळणारी, प्रसन्न आणि मधुर अशी ही रीती. इ. स. ९०० च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू या रूपकात्मक पात्रांचा विवाह याच नगरात लावला. नेमक्या, गोड बोलण्याला स्वतःचे नाव देणारे हे गाव आहे.

वाशीम जिल्ह्यातीलच कारंजा हे दत्त संप्रदायातील गुरू नृसिंहसरस्वती यांचे जन्मस्थान. त्यांच्या चरित्रग्रंथातील, गुरुचरित्रातील, कथेनुसार बाळ नरहरी (त्यांचे बालपणीचे नाव) ॐकाराखेरीज काही बोलत नसे. मुंजीत आईने भिक्षा वाढली, तेव्हा त्याच्या मुखातून वेद उमटले. वाणी राखून ठेवावी आणि वेळ येताच ती सार्थ करावी, हा वाग्मितेचा गाभा ही कथा लहान मुलालाही कळेल इतक्या सोपेपणाने सांगते.