तुरीची मर

साखऱ्याच्या शिवारात फुलावर आलेली तूर उभ्याउभ्या वाळली, की आपण म्हणतो, मर लागली. वर्षाची मेहनत गेली. तिच्यामागे जमिनीतली फ्युझेरियम बुरशी आहे, हे बिहारमधल्या पुशाच्या शेतकी संस्थेतल्या ई. जे. बटलर यांनी १९१० साली मांडलं.

झाड मात्र गप्प बसत नाही, बरं का! बुरशीच्या अंगातलं कायटिन पेशी ओळखतात, बुरशीनाशक रसायनं तयार करतात, पाण्याच्या नळ्या डिंकानं बुजवतात. हे वेळेत झालं तर बुरशी मुळापाशीच अडकते. उशीर झाला, तर बुजलेल्या नळ्यांमुळेही झाड तहानेनं मरतं.

म्हणून पैदासकार मुद्दाम मरीच्या रानात तूर पेरतात आणि तगलेली झाडं निवडतात. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा ‘बीएसएमआर ७३६’ मरीला सहसा दाद देत नाही. नावातलं ‘एसएम’ मात्र दुसऱ्याच दुखण्याचं, वांझ रोगाचं.