जवारीचें सूत आणि गिटारची पायपेटी

विजेवर चालणारी गिटार वाजविणाऱ्या तरुणाच्या पायांशीं हल्लीं चार-पांच रंगीत लोखंडी डब्या मांडलेल्या दिसतात. प्रत्येकीवर एक कळ, दोन-तीन फिरत्या खुंट्या आणि एक बारीक तांबडा दिवा असतो. कळ पायानें दाबली कीं गिटारचा आवाज पालटतो. कधीं तो चरचरूं लागतो, कधीं लाटेसारखा हेलकावतो, तर कधीं डोंगरावर आपटून परत आल्यासारखा पुनःपुन्हां ऐकूं येतो. बारामतीच्या किंवा इंदापूरच्या एखाद्या घरांत संध्याकाळीं हा प्रकार चालूं असला, तर शेजारच्या खोलींतील वडील मंडळींना तो निव्वळ गोंगाट वाटावा हें स्वाभाविक आहे. मुलाला विचारावें तर तो म्हणतो, "मला हेंड्रिक्ससारखा आवाज काढावयाचा आहे." वडिलांच्या मनांत मग दोन शंका येतात. पैसा डब्यांवर कां खर्चावा, हातालाच वळण कां लावूं नये, ही पहिली. आणि दुसऱ्याचा आवाज उसना आणण्यांत कसली आली आहे कला, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचें उत्तर शोधावयास गेलें तर तें अमेरिकेंत जेवढें सांपडतें तेवढेंच, किंबहुना थोडें अधिकच, आपल्या मिरजेस सांपडतें, असें मला वाटतें.

या डबीला पेडल म्हणतात. पण पायानें चालविण्याचें वाद्य आपल्याला नवें नाहीं. नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडांतून पायपेटी आणि ऑर्गन हीं वाद्यें गांवोगांव हिंडलीं आहेत. बालगंधर्वांच्या गळ्यामागें ऑर्गनचा तो भरीव, अखंड सूर नसता, तर त्यांचें गाणें आपल्या कानांत आज ज्या रूपानें उरलें आहे त्या रूपानें खचित उरलें नसतें. तरीहि या स्वरपेटीला परकी आणि यांत्रिक म्हणून नांवें ठेवणारे थोडे नव्हते. खुद्द नभोवाणीनेंच १९४० मध्यें हार्मोनियमला आपल्या दारांतून बाहेर काढलें आणि १९७१ पर्यंत ती बंदी ठेविली. एवढ्या काळांत महाराष्ट्रांतल्या एकाहि भजनी मंडळानें पेटी खालीं ठेवल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं. यंत्राविषयींची शंका अशी जुनी आहे, व तिचा निकाल बहुधा बैठकींतच लागत आला आहे.

आतां गिटारच्या पेडलची जन्मकथा ऐकावी. ती एका बिघाडापासून सुरू होते. १९६१ सालीं मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचें एक गीत प्रसिद्ध झालें. त्याचें मुद्रण नॅशव्हिल येथें चालूं असतांना मिश्रणयंत्राचा एक भाग नादुरुस्त झाला, आणि त्यांतून ग्रेडी मार्टिन या वादकाची खर्जाची गिटार फाटक्या, घोगऱ्या आवाजांत बाहेर पडली. मुद्रण फुकट गेलें असें म्हणून तें टाकून द्यावयाचें. पण ऐकणाऱ्यांना तो घोगरेपणाच आवडला. तेथील ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यानें तोच बिघाड ट्रान्झिस्टरच्या साह्यानें मुद्दाम घडवून आणण्याची जुळणी केली, आणि १९६२ त गिब्सन कंपनीनें ती 'मेस्ट्रो फझ-टोन' या नांवानें बाजारांत आणली. गंमत अशी कीं, ही डबी गिटारला ट्रोंबोनचा, ट्यूबाचा, फार काय चेलोचाहि आवाज आणून देईल अशी तिची जाहिरात होती. १९६५ त रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनें ती वापरली, तीहि पुढें तेथें पितळी वाद्यें घालावयाची आहेत, तोंवर जागा धरून ठेवावी म्हणून. तें मुद्रण तसेंच प्रसिद्ध झालें आणि जगभर गाजलें. म्हणजे ज्याला आज रॉक-गिटारचा अस्सल आवाज म्हणतात, तो मुळांत तुताऱ्यांची नक्कल करूं पाहत होता.

वाह-वाह नांवाच्या पेडलची गोष्टहि तशीच. (आपल्या बैठकींत हा शब्द श्रोत्यांच्या तोंडीं असतो, तिकडे तो वादकाच्या पायाखालीं आला, एवढाच फरक.) अमेरिकन जॅझमधील ट्रंपेटवादक आपल्या वाद्याच्या तोंडावर धातूची वाटी, पेला, कधीं मोरी साफ करण्याचें रबरी टोपणसुद्धां धरीत. तें उघडतां-मिटतां ट्रंपेट रडका, बोलका, थट्टेखोर असा आवाज काढी. क्लाइड मॅकॉय हा ट्रंपेटवादक या आवाजाबद्दल प्रसिद्ध होता. १९६६ त थॉमस ऑर्गन कंपनीच्या ब्रॅड प्लंकेट या तंत्रज्ञानें ध्वनिवर्धकाच्या एका मंडलावर काम करीत असतां तसाच परिणाम विजेनें साधला, तें मंडल ऑर्गनच्या पायदांडींत बसविलें, आणि पेडल बाजारांत आलें तें मॅकॉयचें नांव घेऊन. पायदांडी पुढें-मागें झुकवली कीं आवाजांतील उपस्वरांचा एक पट्टा उचलला जातो, बाकीचे दबतात. या डबींत नवा सूर घातला जात नाहीं. आहे त्यांतून कांहीं गाळला जातो.

गाळण्यानें रंग येतो ही गोष्ट बारामतीकरांना तरी समजावून सांगावयास नको. बाबूजी नाइकांच्या आश्रयानें त्यांच्या गांवीं राहिलेल्या मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) जीं अष्टोत्तरशत रामायणें रचलीं, त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. प, फ, ब, भ, म हे ओठांनीं उच्चारावयाचे वर्ण त्यांत येऊं दिलेले नाहींत. कथा तीच, कवीहि तोच. पण एक वर्ग गाळल्याबरोबर भाषेचा घाट बदलतो. पंतांच्या या खटाटोपास पुष्कळांनीं शब्दांची कसरत म्हटलें आहे, आणि माझेंहि मत त्याहून फार निराळें नाहीं. परंतु कसरत करावयासहि मुळांत अंगांत बळ लागतें. ज्याला आर्या साधलेली नाहीं, त्याला निरोष्ठ आर्या कोठून साधणार?

दुसऱ्याचा आवाज आणण्याविषयीं बोलावयाचें, तर गोव्याच्या हळदोण्यास १९१६ त जन्मलेल्या आंतोनियु शाव्हियेर वाझ यांची आठवण काढलीच पाहिजे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत 'चिक चॉकलेट' या नांवानें ते ट्रंपेट वाजवीत, आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आर्मस्ट्राँगचें वळण त्यांनीं तबकड्या ऐकून ऐकून उचललें होतें. पुढें सी. रामचंद्र तथा राम चितळकर यांच्या वाद्यवृंदांत ते आले, आणि १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत त्यांचा ताफा पडद्यावरहि दिसला. त्या गाण्यांतला ट्रंपेट मराठी माणसानें लग्नाच्या वरातींतून, गणेशोत्सवांतून, बँडवाल्यांच्या तोंडून इतका ऐकला आहे कीं तो न्यू ऑर्लीन्सहून आला हें सांगूनहि खरें वाटूं नये. नक्कल अशी तीन हातांतून गेली म्हणजे तिचें कूळ कोण विचारतो!

आतां मिरजेकडे वळूं. इंदापूर तालुक्यांत नीरा-नरसिंहपूर येथें नीरा भीमेस मिळते, आणि तेथून भीमा पंढरपुराकडे जाते. त्या खालच्या खोऱ्यांत, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, मोठाले कडू भोपळे पिकवितात. ते वाळवून मिरजेस जातात व त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरजेस शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब हे वाद्यें बनविण्याकडे वळले, आणि पटवर्धन संस्थानिकांच्या गांवांत हा धंदा रुजला. आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगांव केतकी या वाटेनें इंदापुरास येते, तेव्हां प्रत्येक दिंडींत वीणेकऱ्याच्या खांद्यावर जो भोपळा दिसतो, तो याच कुळांतला.

तंबोऱ्याचें मर्म भोपळ्यांत नाहीं, तें घोडींत आहे. गिटारची घोडी अरुंद असते. तार तिच्यावरून सुटली कीं सुटली. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असून पुढच्या बाजूस अगदीं किंचित् उतरता घासलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर हलकेंच घांसत राहते, आणि त्यांतून उपस्वरांचा झंकार उठतो. हीच जवारी. ती उघडावयाची तर तार आणि घोडी यांमध्यें सुताचा एक धागा सरकवावा लागतो. धागा केंसभर पुढें गेला तर आवाज बद्द. केंसभर मागें आला तर कर्कश. मधल्या एका जागीं मात्र चार तारांतून, कोणींहि न छेडलेला गंधार आपोआप ऐकूं येतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ मध्यें या घोडीचा अभ्यास केला. तारेवरील ज्या बिंदूवर छेडावें तो बिंदु ज्या उपस्वरांत निश्चल असावयाचा, ते उपस्वर निघूं नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोऱ्यांत आणि वीणेंत ते निघतात, असें रामन यांनीं दाखवून दिलें. मिरजेच्या कारागिराला हेल्महोल्ट्झ ठाऊक नव्हता. त्याच्याजवळ कानस होती आणि कान होता.

हें सूत म्हणजे आमची पहिली पेडल, असें मी म्हणेन. वाद्याचा सूर न बदलतां त्याचा रंग बदलणारें, दिडकीहूनहि स्वस्त असें हें साधन. आणि तें लावावयास शिकण्यांत मात्र वर्षें जातात. तिकडचाहि अनुभव निराळा नाहीं. हेंड्रिक्सनें वापरलेल्या 'फझ-फेस' या डबींत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. ते एकासारखे एक नसत, आणि उष्म्यानें त्यांचें वर्तन बदले. लंडनच्या थंडींत साधलेला आवाज बारामतीच्या वैशाखांत त्याच डबींतून त्याच खुंट्यांवर मिळेलच, अशी खात्री कोणी देऊं नये. शिवाय गिटारवरची आवाजाची खुंटी जराशी मागें घेतली कीं तीच डबी निवळून मोकळी बोलूं लागते. हेंड्रिक्सचा हात त्या खुंटीपासून फार दूर नसे. डबी विकत मिळते, पण खुंटी केव्हां फिरवावी हें विकत मिळत नाहीं, आणि तरुणाची खरी साधना तेथेंच आहे. 'युनि-व्हाइब' ही त्याची आणखी एक लाडकी डबी जपानच्या फुमिओ मिएदानें बनविली. दूरच्या मॉस्को नभोवाणीचे सूर रात्रीं हवेंतून येतांना वर-खालीं होत, तें ऐकून ही कल्पना सुचली, असें त्यानें पुढें सांगितलें आहे. नभोवाणीच्या श्रोत्यांनीं ज्या दोषाबद्दल आजवर फक्त तक्रारीच केल्या, त्याचें असें सोनें झालें!

मिरजेस अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) राहत. तंबोरा लावण्याच्या बाबतींत ते किती चोखंदळ होते हें जाणकारांत प्रसिद्ध आहे. त्यांचा गळाच मिळविलेल्या जवारीसारखा होता. त्यांच्या झिंझोटी ठुमरीची तबकडी गदगच्या एका मुलानें ऐकली आणि १९३३ मध्यें, वयाच्या अकराव्या वर्षीं, तो घर सोडून निघाला. त्याला तसें गावयाचें होतें. ग्वाल्हेर, जालंधर अशी भ्रमंती करून तो शेवटीं परत आला आणि १९३६ त खांसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशीं कुंदगोळास राहिला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. त्यांचा आवाज पुढें खांसाहेबांसारखा झाला काय? मुळींच नाहीं. खांसाहेबांचा सूर बारीक, कोवळा, रेशमी, भीमसेनांचा मेघगर्जनेसारखा. पण त्या एका तबकडीमागें मुलगा धांवला नसता, तर हा मेघ आपल्या पुण्यावर बरसला नसता. दुसऱ्याचा आवाज आणावयाचा हट्ट हा दोष आहे असें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. त्या मुलाजवळ डबी नव्हती, फक्त एक तबकडी ऐकलेली होती. डब्या असत्या तर त्यानें त्याहि फिरवून पाहिल्या असत्या, याविषयीं मला शंका नाहीं.

याच जवारीचा मोह पुढें गिटारवाल्यांनाहि पडला. १९६७ त अमेरिकेंत कोरल नांवाची विजेची 'सतार' निघाली. ती खरी गिटारच. फक्त घोडी रुंद करून तारा तिच्यावर घांसतील अशी योजना तींत केली होती. म्हणजे तुताऱ्यांची नक्कल करीत निघालेली गिटार सतारीच्या दारीं येऊन पोहोंचली. इकडे बंगळूरच्या रॅडेल कंपनीनें १९७९ च्या सुमारास विजेचा तंबोरा काढला, आणि आतां तर खिशांतल्या दूरध्वनींतहि तंबोरा वाजतो. बारामतीच्या गाण्याच्या शिकवणींत तोच लावून मुलें बसतात. सोय मोठी आहे, नाहीं म्हणूं नये. खुंटी पिळावी लागत नाहीं, तार तुटत नाहीं. परंतु जवारी उघडण्याची ती घटकाभराची झटापट त्यांत नाहीं, आणि कान तयार होतो तो त्या झटापटींतच. मिरजेच्या कारागिरांवर या डबीचा जो आघात झाला तो आणखी वेगळा. २०२४ त मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. नांवाचें रक्षण त्यानें होईल, गिऱ्हाईक मात्र घरांतूनच यावें लागेल.

म्हणून घरांतल्या गिटारवाल्या मुलाच्या डब्या कपाटांत ठेवूं नयेत. त्याला सुटीच्या दिवशीं मिरजेस, सतारमेकरांच्या गल्लींत घेऊन जावें. इंदापुराहून पंढरपूर, सांगोला या वाटेनें सकाळीं निघालेला माणूस दुपारपर्यंत तेथें पोहोंचतो. तंबोरा विकत घेतलाच पाहिजे असें नाहीं. कारागीर आधीं पट्टी विचारील, तारा चढवील, आणि मग घोडीवर वांकून सूत सरकवूं लागेल. एकदां पुढें, एकदां मागें. मुलाला फरक ऐकूं आला कीं नाहीं हें तो त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखतो, आणि आला नसेल तर पुन्हां सरकवून दाखवितो.