अळवावरचे पाणी

श्रोतेहो, जे टिकत नाही त्याला आपण ‘अळवावरचे पाणी’ म्हणतो. परसातल्या अळवावर पाणी शिंपडले, की त्याचे मोती होतात, पान हलले की ते घरंगळतात आणि पान कोरडेच्या कोरडे राहते. आपण हे पिढ्यानपिढ्या पाहिले, त्याची म्हण केली आणि तिथेच थांबलो. असे का होते, हे कोणी व कसे शोधले, त्याची ही हकीकत.

पानाच्या कातडीवर मेणाचा थर असतो. कोबीच्या पानावरची निळसर झाक म्हणजे हे मेणच. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७१ साली ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कुठे कण, कुठे काड्या, कुठे सलग पापुद्रा, अशी त्याची वर्गवारी त्यांनी केली. पुढे १९४४ साली कॅसी आणि बॅक्स्टर यांनी दाखवले, की खडबडीत पृष्ठभागावरचा थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो. खाली हवा अडकून राहते.

खरी गंमत पुढेच आहे. १९७० नंतरच्या दशकात विल्हेल्म बार्थलॉट हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाने पाहत होते. गुळगुळीत पाने आधी धुवावी लागत. खडबडीत, मेणचट पाने मात्र मुळातच स्वच्छ! म्हणजे आपला समज उलटाच ठरला, नाही का? बार्थलॉट व नाइनहुइस यांनी पानांवर मुद्दाम धूळ टाकून कृत्रिम पाऊस पाडला. कमळ, कोबी आणि आपला अळू यांच्यावरून घरंगळणाऱ्या थेंबांनी धूळ उचलून नेली. हा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला.

मग पाणी या मेणाला काहीच करीत नाही का? करते. इंग्लंडमध्ये बेकर आणि हंट यांनी १९८६ साली दाखवले, की पावसाच्या माराने पानावरचे मेण झिजते. मेण पाण्यात विरघळत नाही. थेंबांच्या आघाताने त्याची बारीक नक्षी मोडते. पण निसर्गाची तोडही पाहा. पानातून सतत थोडी वाफ बाहेर पडत असते. तिच्याबरोबरच मेणाचे रेणू वर येतात, असे मत नाइनहुइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडले. एक पाणी मेण नेते, दुसरे आणते!

शेतकरी बंधूंनो, कांद्याच्या किंवा कोबीच्या पातीवर औषध फवारले, की ते थेंब होऊन खाली पडते, हा तुमचा अनुभव आहे. तोही याच मेणाचा प्रताप. म्हणून द्रावणात चिकटद्रव्य घालतात. पण मेणाला शत्रू समजू नका. पानातले पाणी उन्हात राखणारा तोच राखणदार आहे.

गुरुजींनी वर्गात एक करून पाहावे. कोबीचे बाहेरचे पान घ्या, अर्धे फडक्याने चोळा, अर्धे तसेच ठेवा आणि दोन्हीकडे एकेक थेंब सोडा. एकीकडे मोती दिसेल, दुसरीकडे ओल पसरेल. मग लगेच उत्तर सांगू नका, बरं का! मुलांनाच विचारा, “असे का?” आपल्या म्हणीत राहून गेलेला प्रश्न तोच होता.