नवऱ्यावरचा राग कुठे ठेवायचा?

मराठीत प्रेमाबद्दल सगळ्यात खरं कुणी लिहिलं असं कुणी विचारलं, तर मी तीन बायकांची नावं घेते: रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक आणि बाया कर्वे. नाशिकच्या एका वाचनालयात देवघेव विभागात माझी नोकरी झाली. फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्या पुठ्ठे निखळेपर्यंत फिरतीवर असायच्या, मीही त्या आवडीने वाचल्या. पण त्यांतलं प्रेम बहुतेक वेळा लग्न ठरेपर्यंतचं. एकाच माणसाबरोबर उभा जन्म काढताना त्या प्रेमाचं काय होतं, हे या तिघींनी सांगितलं. तिघींचे नवरे नामवंत. तिघींनी पुस्तकं लिहिली ती संसार करून झाल्यावर. आणि तिघींपुढे एकच अडचण होती: या थोर माणसाचा राग येतो, तो लिहायचा कसा?

रमाबाईंचं लग्न झालं डिसेंबर १८७३ मध्ये. त्या ११ वर्षांच्या, नवरा न्यायमूर्ती रानडे ३१ वर्षांचे. पहिली पत्नी नुकतीच गेलेली. ते आता विधवेशी लग्न करतील अशी सुधारक मित्रांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या हट्टापुढे ते नमले. लग्न झालं त्याच दिवशी त्यांनी या मुलीला लिहितावाचता येतं का ते विचारलं आणि शिकवायला सुरुवात केली. पुढची कित्येक वर्षं घरातल्या मोठ्या बायका तिच्या शिकण्यावरून तिला टोचून बोलत राहिल्या, आणि ती सोसत राहिली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली आलं, रानडे गेल्यावर नऊ वर्षांनी. तोवर रमाबाई पुण्याच्या सेवासदनाचा कारभार पाहत होत्या, मोठमोठ्या सभांतून बोलत होत्या. पुस्तकात मात्र त्या स्वतःला जाणूनबुजून लहान ठेवतात. नवरा रागावला की अबोला धरायचा, आणि आपलं काय चुकलं हे ती शोधत बसायची. मला हे वाचताना त्रास होतो. तरी ते प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्या माणसाचं खाणं, झोप, दुखणं, आवाजातला बारीकसा फरक हे सारं इतक्या निगुतीने टिपलंय की ते भक्तीच्याही पलीकडे जातं. राग त्यांनी पूर्णपणे स्वतःवर घेतला, एवढंच.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, आणि तिथे मराठी बायको पहिल्यांदा मोकळ्या आवाजात भांडली. लक्ष्मीबाई आमच्याच नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांचं सोवळं असं कडक की बाजारातून आणलेलं मीठही धुऊन घ्यायचे. त्या घरातली मुलगी १८८० मध्ये नारायण वामन टिळकांना दिली. टिळक कवी, मनाने उदार, डोक्याने तापट, खिशात पैसा न टिकणारे. न सांगता घरातून निघून जायचे आणि बायकोने वाट पाहत बसायचं. लक्ष्मीबाई यातलं काही झाकत नाहीत. आणि त्याच दमात आपण काय उत्तर दिलं, कुठे हट्ट केला, कुठे फसलो हेही सांगतात. पुस्तकभर त्या त्यांना ‘टिळक’ म्हणतात. भांडणाचे प्रसंग वाचताना दोन्ही बाजू कळतात. असं लिहायला आपलं आणि समोरच्याचं दोघांचं माणूसपण एकदम दिसावं लागतं. माझ्या मते मराठी गद्यात ते त्यांच्याइतकं कुणालाच साधलेलं नाही.

मग १८९५ साल येतं. राजनांदगावच्या आगगाडीत एका मिशनऱ्याने दिलेल्या नव्या करारापासून सुरू झालेला टिळकांचा प्रवास मुंबईत बाप्तिस्म्याला पोचला. बायकोच्या बाजूने पाहा: नवरा जिवंत आहे, आणि तरी त्याच्या घरी जायचं म्हणजे जात, नातलग, देव सगळं सोडायचं. त्या नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपूरला. तिथे त्यांनी विरहाच्या कविता केल्या. चार-पाच वर्षांनी त्या टिळकांकडे आल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळत, स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मन वळलं ते हळूहळू, जातीभेद देवाने केला की माणसांनी या विचाराने, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने धर्म बदलला. नवऱ्याच्या मागून फरपटत गेलेल्या बाईची ही गोष्ट नव्हेच. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं. ज्या बायकोला अक्षरांची नीट ओळख लग्नानंतर झाली, तिने ते पुढे लिहायला घेतलं, आणि त्यातला फार मोठा भाग तिच्या हातचा आहे. राग लिहूनही प्रेम कमी होत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि ते वाचणारे फार थोडे. बाया म्हणजे लग्नाआधीची बालविधवा गोदूबाई. ती पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकली आणि १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. हा इतिहास शाळेत शिकवतात. बाया सांगतात तो पुढचा भाग शिकवत नाहीत: नवऱ्याची कमाई विधवांच्या आश्रमाच्या कामाकडे वळत गेली की घरातल्या मुलांचं काय, दोन वेळचं कसं भागवायचं. त्यांनी सुईणीचं काम शिकून घेतलं, आणि आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. त्यांची भाषा अगदी साधी, कोकणातल्या ओटीवर बसून बोलावं तशी. त्यांचा राग हिशेबाच्या वहीतला राग आहे. नवऱ्याचं काम मोठं आहे हे त्यांना कळतं, आणि त्याची किंमत कुणी मोजली हेही त्या विसरू देत नाहीत. महर्षी कर्व्यांच्या चरित्रांत ही बाजू ठळकपणे यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

या ओळीत चौथं नाव येतं ते एका कवयित्रीचं. १९४० साली बेळगावच्या इंदिरा संत आणि त्यांचे पती ना. मा. संत यांचा ‘सहवास’ हा एकत्र काव्यसंग्रह आला. दोघांनी मिळून एका पुस्तकात कविता छापायच्या, ही रमाबाई रानड्यांच्या कल्पनेतही न बसणारी गोष्ट. १९४६ मध्ये संत अचानक गेले. तीन मुलं, शिक्षिकेची नोकरी, आणि पुढे ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’. त्या कवितांतलं प्रेम समोर नसलेल्या माणसावरचं आहे. तिथे भांडण नाही, हिशेब नाही, आणि खरं सांगायचं तर मला कधी कधी लक्ष्मीबाईंची ठसठशीत भाषा तिथे हवीशी वाटते. राग तिथे आहे तो नियतीवर, आणि तोही फार आवरून धरलेला.

उतारवयात इंदिराबाईंनी ‘मालनगाथा’ लिहिली, ओव्या रचणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या बायकांवर. त्या मालनींना पुस्तक लिहिणं शक्यच नव्हतं, नवऱ्याचं नावही चारचौघांत फक्त उखाण्यातून घेता यायचं. जात्यावर त्या माहेराचं, भावाचं भरभरून गायल्या, आणि नवऱ्याचं बहुधा कपाळावरच्या कुंकवाआडून. ‘मालनगाथा’ लोकसाहित्यात मोडते हे मला मान्य आहे, सूचीतही ती तिथेच लावायची असते. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचून झाल्यावर पुढे काय वाचू असं कुणी विचारलं की मी तीच हातात देत आले.