बारामती-इंदापूरची मुलें आणि पुण्याचें कॉलेज

नीरा डाव्या कालव्याचें पाणी बारामती-इंदापूरच्या अवर्षणी जमिनीला मिळूं लागलें त्याच सुमारास, २ जानेवारी १८८५ रोजीं, पुण्यांत फर्ग्युसन कॉलेज निघालें. पुढें उसाचा पैसा आला. १९१४ सालीं दौंडहून बारामतीस लहान रुळांची गाडीही आली. तरी मॅट्रिक झालेल्या मुलाला पुण्याच्या खाणावळीवांचून गत्यंतर नव्हतें. फीपेक्षां हा खर्चच घराला जड जाई. मुलीचें नांव तर या हिशेबांत क्वचितच येई. १९६२ मध्यें अनेकांत एज्युकेशन सोसायटीनें बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय काढलें, तेव्हां कोठें घरीं राहून पदवी घेणें शक्य झालें. संस्था खाजगी खरी, पण अनुदानामुळें फी माफक.

आतां पुण्याभोंवतीं भरमसाट फीचीं खाजगी विद्यापीठें उभीं आहेत. २०२४ सालीं शासनानें आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास वर्गांतील, ८ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. खाजगी व अभिमत विद्यापीठें मात्र त्यांतून वगळलीं. मुलीला फुकट शिकवावें आणि मुलासाठीं कर्ज काढावें, हा हिशेब इंदापूरच्या शेतकऱ्यास सोपा वाटेल. मुलगी अधिक हुशार निघाली, तर तो त्याला पुन्हां मांडावा लागेल.