कुर्ल्याची पद्मिनी आणि चाकणची बीई ६

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट पुढे ‘पद्मिनी’ झाली. सुमारे चाळीस अश्वशक्तीचे तिचे एंजिन साऱ्या कुटुंबास वाहून नेई. २०२४ साली महिंद्रांनी आणलेली, चाकणला तयार होणारी विजेची बीई ६ घ्या. तिच्या वरच्या प्रकारात शक्ती २१० किलोवॅट, म्हणजे जवळजवळ सातपट! सोनिवलीहून बदलापुरात यावयास दोघींना रस्ता मात्र तोच. पद्मिनी नाक्यावरचा मिस्त्री पान्याने दुरुस्त करी. नव्या गाडीचा दोष संगणक सांगतो. परंतु टक्कर झाली असता एअरबॅगा जीव वाचवितात, आणि त्या पद्मिनीत नव्हत्या. आम्हांस प्रगतीची खरी खूण वाटते ती हीच.